शेवाळ खाणारा मासा आणण्याआधी

वणीत मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. अशा गावात बैठकीच्या खोलीत काचेच्या टाकीत छोटा समुद्र थाटायचा, त्यात प्रवाळ आणि रंगीत मासे ठेवायचे, ही हौस ऐकायला धाडसी वाटते. मुंबईचा किनारा इथून सरळ रेषेत मोजला तरी सहाशे किलोमीटरांहून दूर आहे. तरीही तयार समुद्री क्षार, शुद्ध पाणी, पंप आणि दिवे यांच्या जोरावर अशी टाकी कुठेही उभी करता येते. ती उभी राहिली की दोन-तीन आठवड्यांत पहिली तक्रार येते. काचेवर आधी तपकिरी थर धरतो, मग हिरवा. महिना-दोन महिन्यांत दगडांवर केसांसारखे लांब शेवाळ डोलू लागते.

यावर ठरलेला सल्ला मिळतो: शेवाळ खाणारा एखादा मासा सोडा, तो सगळे साफ करील. सल्ला अगदीच चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मासा कोणता, तो किती मोठा होतो, इतरांशी कसा वागतो आणि शेवाळ संपल्यावर काय खातो, हे न विचारता आणलेला मासा बहुतेक वेळा दोनपैकी एका मार्गाने जातो. एक तर तो उपाशी मरतो, नाही तर टाकीतल्या बाकीच्यांना जगू देत नाही. शेवाळ मात्र तसेच राहते.

शेवाळ येते कुठून?

शेवाळाला वाढायला तीन गोष्टी लागतात: प्रकाश, नायट्रेट आणि फॉस्फेट. प्रवाळासाठी लावलेल्या तेजस्वी दिव्यांमुळे प्रकाश मुबलक असतो. माशांची विष्ठा आणि न खाल्लेले अन्न कुजून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. फॉस्फेट मुख्यतः माशांच्या खाद्यातून येते. नव्या टाकीत सुरुवातीला दिसणारा तपकिरी थर बहुधा डायॅटम या सूक्ष्म जीवांचा असतो. त्यांना पाण्यातली सिलिका लागते. ती संपली की हा थर बऱ्याचदा आपोआप ओसरतो. त्यासाठी मासा आणण्याची घाई करायची गरज नसते.

चौथा स्रोत मात्र आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. तो म्हणजे टाकीत ओतलेले पाणी. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटचे प्रमाण जास्त आढळलेल्या महाराष्ट्रातील जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव यांच्याबरोबर यवतमाळचेही नाव आहे. शेतात पडणारे रासायनिक खत आणि जमिनीत मुरणारे सांडपाणी ही त्याची मोठी कारणे. प्रत्येक विहिरीत वा बोअरमध्ये नायट्रेट असेलच असे नाही, पण तपासल्याशिवाय ते कळतही नाही. नायट्रेटला रंग नाही, वास नाही.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातील मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. प्रवाळाच्या टाकीत ते साधारण दहाच्या आत असावे असा प्रयत्न केला जातो. म्हणजे पिण्यासाठी मर्यादेत बसणारे पाणीसुद्धा शेवाळाला भरपूर खत पुरवू शकते. अशा पाण्याने टाकी भरायची आणि मग शेवाळ खाणारा मासा आणायचा, हे एका हाताने खत टाकून दुसऱ्या हाताने गवत उपटण्यासारखे आहे.

हा प्रश्न टाकीपुरता नाही. सहा महिन्यांखालील बाळाला जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवलेले वरचे दूध दिले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते आणि बाळ निळसर दिसू लागते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याची तीव्रता वाढते. म्हणून बोअरचे पाणी टाकीसाठी तपासायला दिलेच, तर त्याचा अहवाल घरातल्यांनीही वाचावा.

वणी-राजूरचा परिसर चुनखडीसाठी ओळखला जातो. इथले भूजल जड असण्याचे ते एक कारण आहे. समुद्री टाकीसाठी असे पाणी थेट न वापरता आरओचे पाणी घेऊन त्यात समुद्री क्षार मिसळतात. मात्र घरगुती आरओ यंत्रांपैकी अनेकांत चव राखण्यासाठी थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळण्याची सोय असते. त्यातून नायट्रेटही परत येऊ शकते. त्यामुळे क्षारमापक आणि नायट्रेट तपासणीचा संच ही पहिली खरेदी. मासा त्यानंतर.

मग माशाची गरजच काय?

गरज आहे, आणि ती निसर्गानेच दाखवून दिली आहे. प्रवाळाच्या खडकांवर शेवाळ सतत उगवत असते. पोपटमासे, सर्जनमासे, ब्लेनी, समुद्री साळिंदर आणि गोगलगाई ते सतत चरत असतात. ही चराई थांबली की काय होते, हे जमैकाच्या किनाऱ्यावर दिसले. तिथे शेवाळ खाणाऱ्या माशांची मासेमारीने आधीच वाताहत झाली होती. १९८० मध्ये मोठे चक्रीवादळ आले आणि १९८३-८४ मध्ये एका रोगाने कॅरिबियन समुद्रातले लांब काट्यांचे समुद्री साळिंदर जवळपास नाहीसे केले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तळाचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत प्रवाळाने व्यापलेला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो पाच टक्क्यांखाली आला आणि त्या जागी शेवाळ पसरले.

घरातली टाकी हा त्याच व्यवस्थेचा छोटा नमुना आहे. खत कमी ठेवणे हे माणसाचे काम. जे थोडे शेवाळ तरीही उगवेल ते वेळच्या वेळी चरणे हे माशाचे काम. दुसऱ्याने पहिल्याची जागा घ्यावी ही अपेक्षा केली की गणित बिघडते.

तोंड पाहून मासा निवडा

‘शेवाळ खाणारा’ या एका शब्दात फार वेगवेगळे मासे येतात. कोणता मासा काय खाईल, हे त्याच्या तोंडाच्या आणि दातांच्या रचनेवर ठरते.

काचेवरचा आणि दगडावरचा पातळ थर खरवडायला लॉनमोअर ब्लेनी हा प्रसिद्ध मासा आहे. याची लांबी साधारण १४ सेंटिमीटरपर्यंत जाते. कंगव्यासारख्या बारीक दातांनी तो शेवाळ आणि त्यात अडकलेला गाळ खरवडून खातो. दगडावर परांच्या आधाराने बसून डोळे फिरवत राहण्याची त्याची सवय लहान मुलांना फार आवडते. स्वभावाने तो बहुतेक माशांशी सलोख्याने राहतो, पण आपल्यासारख्याच दुसऱ्या ब्लेनीशी भांडतो. म्हणून टाकीत एकच ठेवावा. टाकी शंभर-सव्वाशे लिटरची तरी असावी आणि तिच्यावर जाळी असावी, कारण हा मासा उडी मारतो. लांब केसाळ शेवाळावर मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही. याहून लहान टाकी असेल तर सहा सेंटिमीटरांच्या आसपास राहणारा टेलस्पॉट ब्लेनी बरा.

टाकी चार फुटांची, तीनशे लिटरच्या पुढची असेल तर कोल टँगचा विचार करता येतो. हा सर्जनमाशांच्या कुळातला. त्याचेही दात बारीक कुंचल्यासारखे असतात. या कुळात तो तुलनेने शांत गणला जातो. पूर्ण वाढलेला कोल टँग १८ सेंटिमीटरपर्यंत जातो आणि त्याला दिवसभर पोहायला जागा लागते. दोन फुटांच्या टाकीत तो जगेल कदाचित, पण सुखाने राहणार नाही.

केसाळ आणि पानासारखे शेवाळ तोडून खाणारे दोन मासे प्रसिद्ध आहेत: यलो टँग आणि फॉक्सफेस. यलो टँग दिसायला मोहक, पण जागेवर हक्क सांगणारा. नंतर आलेल्या आणि आपल्यासारख्या आकाराच्या माशाला तो सहसा सुखाने राहू देत नाही. फॉक्सफेस इतरांच्या वाटेला जात नाही, मात्र तो २० सेंटिमीटरांहून मोठा होतो आणि त्याच्या पाठीच्या काट्यांत विष असते. दोन्ही मासे मोठ्या टाकीचेच. सोहल टँगसारखे काही सर्जनमासे तर इतके आक्रमक असतात की शेवाळ कितीही खात असले तरी घरगुती टाकीत न आणलेलेच बरे.

छोट्या टाकीसाठी आणि बेताच्या खर्चासाठी एक नाव मात्र सहसा सुचवले जात नाही: मॉली. रंगीत मासे विकणाऱ्या जवळपास प्रत्येक दुकानात मिळणारा हा मासा शेवाळ कुरतडत राहतो. मूळचा तो गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यातला, पण चार-पाच दिवसांत थोडे थोडे खारे पाणी मिसळत गेल्यास तो पूर्ण समुद्री पाण्यातही राहू शकतो. तो पैदास केलेला असतो, म्हणजे त्यासाठी समुद्रातून काही ओरबाडावे लागत नाही. शांत आहे, लहान आहे आणि घरातल्या खाद्याला सरावलेला आहे. दिसायला तो समुद्री माशांइतका दिमाखदार नाही, एवढीच उणीव.

आणि कित्येक टाक्यांना माशाआधी गोगलगाई पुरतात. ट्रोकस आणि टर्बो या समुद्री गोगलगाई काच आणि दगड मुकाट्याने साफ करत फिरतात आणि कोणाशी भांडत नाहीत. एक काळजी मात्र घ्यावी लागते. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावर वापरले जाणारे तांब्याचे औषध गोगलगाई आणि प्रवाळ दोघांनाही मारते. म्हणून नवा मासा आधी तीन-चार आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवावा आणि औषध द्यायचे झाले तर तिथेच द्यावे.

शांतपणा टाकीवरही ठरतो

एखादा मासा शांत आहे की भांडखोर, हे नुसते जातीवर ठरत नाही. समुद्रात हरलेला मासा पळून जातो. टाकीत त्याला पळायला जागा नसते. एकच रंग, एकच आकार आणि एकच खाद्य असलेल्या माशांत सर्वांत जास्त भांडणे होतात. त्यामुळे शेवाळ खाणारा मासा एका जातीचा एकच ठेवणे हा साधा नियम उपयोगी पडतो. जो सर्वांत दांडगा असेल तो सर्वांत शेवटी सोडावा, म्हणजे बाकीच्यांनी आपापल्या कपारी आधीच धरलेल्या असतात. दगडांची मांडणी अशी करावी की प्रत्येकाला आडोसा मिळेल आणि एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाच्या माशाला सतत दिसणार नाही.

दुकानात मासा खाताना पाहिल्याशिवाय घेऊ नये. समुद्री मासे अजूनही मोठ्या प्रमाणावर समुद्रातूनच पकडले जातात आणि आग्नेय आशियाच्या काही भागांत त्यासाठी सायनाइडचा वापर झाल्याची नोंद आहे. असा मासा वरून धडधाकट दिसतो आणि काही दिवसांत मरतो. पैदास केलेला मासा मिळत असेल तर तोच घ्यावा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशसारख्या समुद्री माशांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. क्लाउनफिश शेवाळ खात नाही, पण टाकीतले बाकीचे रहिवासी तरी समुद्र न ओरबाडता आणता येतात.

प्रवाळाच्या बाबतीत कायदा कडक आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतीय समुद्रातले दगडी प्रवाळ संरक्षित आहेत. ते काढणे आणि विकणे गुन्हा आहे. मालवणच्या किनाऱ्याजवळही प्रवाळ आहेत आणि तिथले सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. सहलीला जाऊन तिथला एखादा तुकडा पिशवीत घालून आणणे ही आठवण नाही, तो गुन्हा ठरतो. विकत घ्यायच्या परदेशी प्रवाळाची कागदपत्रे आणि नोंदणीचे नियम वन विभागाकडून आधी समजून घ्यावेत. नुसते मासे, गोगलगाई आणि कृत्रिम दगड यांचीही टाकी सुंदर दिसते.

वणीचा उन्हाळा

प्रवाळाची टाकी साधारण २४ ते २७ अंशांवर ठेवतात. नेहमीच्या कमाल तापमानाहून एक-दोन अंश जास्त उष्णता काही आठवडे टिकली तरी समुद्रातले प्रवाळ पांढरे पडू लागतात. वणीच्या मे महिन्यात बंद खोलीतले पाणी सहज तिशी ओलांडते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि नेमकी त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. त्यात वीज गेली की पंप थांबतो. रात्री शेवाळही प्राणवायू वापरते, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत धोक्याची. पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करणारा मासा भुकेला नसतो, गुदमरत असतो.

यावर महागडे शीतकयंत्र हा एकच उपाय नाही. विदर्भातल्या कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरू शकते. माठातले पाणी गार होते तेच हे तत्त्व. मात्र त्यात पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. म्हणून रोज कमी झालेले पाणी भरताना बिनमिठाचे आरओचे पाणीच घालावे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाळ्यात दोन-चार दिवस पाणी घालायचे राहिले तर हे प्रमाण बदलते. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप मात्र पहिल्या दिवसापासून घरात असावा.

एवढी सोय होणार नसेल तर गोड्या पाण्याची टाकी निवडावी. तिथे शेवाळासाठी ब्रिसलनोज प्लेको हा शांत मासा चांगला. तो १२ ते १५ सेंटिमीटरांत थांबतो. दुकानात ‘सकर’ म्हणून मिळणारा साधा प्लेको मात्र बोटाएवढा विकत मिळतो आणि हातभर वाढू शकतो. टाकीत मावेनासा झाला की लोक तो नदीत किंवा तलावात सोडून देतात. उजनीसह देशातल्या अनेक जलाशयांत हा परदेशी मासा पसरला आहे. त्याच्या काटेरी कवचाने मच्छीमारांची जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. निर्गुडा किंवा वर्धा नदीत असा एकही मासा सोडू नये. नको झालेला मासा दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा.

हात आणि टाकी

टाकी साफ करताना हातावर जखम असेल तर रबरी हातमोजे घालावेत. माशांच्या टाकीतल्या पाण्यात असणारा ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ हा क्षयाच्या जंतूच्या कुळातला जिवाणू खरचटलेल्या जागेतून शिरू शकतो. काही आठवड्यांनी बोटावर किंवा हातावर न भरणारी गाठ येते. हा जंतू शरीराच्या तापमानापेक्षा कमी तापमानाला चांगला वाढतो, त्यामुळे प्रयोगशाळेने तशी तपासणी केली नाही तर तो सापडत नाही. घरात माशांची टाकी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

फॉक्सफेसचा काटा टोचल्यास ती जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासावे आणि श्वास लागला किंवा सूज पसरली तर थेट रुग्णालय गाठावे. आणखी एक गोष्ट कधीच करू नये: शेवाळ मारण्यासाठी टाकीतले दगड उकळू नयेत किंवा त्यांवर उकळते पाणी ओतू नये. बटणासारख्या दिसणाऱ्या काही प्रवाळवर्गीय जीवांत ‘पॅलिटॉक्सिन’ हे अतिशय तीव्र विष असते. वाफेबरोबर ते श्वासात गेल्याने परदेशात संपूर्ण कुटुंबांना रुग्णालयात दाखल करावे लागले आहे.

शेवाळ संपल्यावर

मासा चांगला निघाला तर महिन्या-दोन महिन्यांत टाकी स्वच्छ होते. हौशी माणूस खूश होतो आणि नेमकी तिथून माशाची उपासमार सुरू होते. चरणारा मासा दिवसभर थोडे थोडे खातो. त्याचे पोट आत गेले, पाठ धारदार दिसू लागली किंवा तो प्रवाळाला चावे घेऊ लागला, तर तो भुकेला आहे असे समजावे. वाळवलेले समुद्री शेवाळ म्हणजे नोरी छोट्या चिमट्याने काचेला लावून ठेवता येते. उकळत्या पाण्यातून काढून गार केलेले पालकाचे पानही काही मासे खातात. तासा-दोन तासांत उरलेला तुकडा काढून टाकावा, नाही तर तोच कुजून पुढच्या शेवाळाचे खत होतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी पाणी तपासावे. मग दिवे दिवसाला आठ-नऊ तासांवर आणावेत, खाद्य कमी करावे आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे. आलेले केसाळ शेवाळ हाताने उपटून बाहेर टाकावे. गोगलगाई सोडाव्यात. एवढे करून महिनाभर वाट पाहावी. त्यानंतरही चरायला शेवाळ उरत असेल, तर टाकीच्या मापाचा एक शांत मासा आणावा, आणि तो घरी येईल त्या दिवशी नोरीचे पाकीट घरात असावे.